ताठ सोल, थकलेली पोटरी आणि एक ता. क.

वाचकाचं पत्र

नमस्कार. माझं वय ४३. चार वर्षांपासून धावते. १० किलोमीटरला ५८ मिनिटं लागतात, अर्धमॅरेथॉन २ तास १० मिनिटांत होते. पुढची स्पर्धा दहा आठवड्यांवर आली आहे. आमच्या गटात सध्या सगळ्यांच्या पायांत कार्बन प्लेटचे, म्हणजे सोलमध्ये कार्बनची ताठ पट्टी असलेले, बूट दिसतात, म्हणून महिन्यापूर्वी मीही घेतले आणि तेव्हापासून रोज तेच घालते. पहिल्या दिवशी कुणीतरी मागून ढकलतंय असं वाटलं. आता सकाळी उठते तेव्हा पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असतात, आणि घड्याळात फरक म्हणाल तर जेमतेम. माझे जुने बूट चटईसारखे गुंडाळता येतात इतके मऊ आहेत. गटातला एक जण म्हणतो, सोल जितका कडक तितका वेग जास्त. माझे दीर म्हणतात, पाय मोकळा वाकला पाहिजे, ताठ सोल म्हणजे पायाला प्लॅस्टर. तिसरा सल्ला असा की जुन्याच बुटांत कार्बनचा इनसोल, म्हणजे आत ठेवायचा तळ, टाक, तेवढ्यात भागेल. खरं कुणाचं?

ता. क. उजव्या पायावर, घोट्याच्या जरा पुढे, आतल्या बाजूला एक जागा आहे. बोटाने दाबली की दुखते. धावायला लागलं की विसरायला होतं, म्हणून लक्ष दिलेलं नाही.

उत्तर

ताई, आधी ता. क. चं बोलू, बुटांचं नंतर. पत्राच्या तळाशी, जाता जाता लिहिलेली ओळच बहुतेक वेळा खरी बातमी असते, असा माझा अनुभव आहे.

तुम्ही सांगितलेल्या जागेच्या खाली नॅव्हिक्युलर नावाचं हाड असतं. छोटंसं, नावेच्या आकाराचं, पायाच्या कमानीच्या माथ्यावर बसलेलं. दोन्ही बाजूंच्या हाडांमध्ये ते दर पावलाला चेपलं जातं, आणि त्याच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा बेताचाच असतो. म्हणून तिथे ताणाने बारीक चीर पडली तर ती आपली आपण सहज भरून येत नाही. तिची चाल फसवी असते. सूज फारशी नसते, दुखणं बोथट असतं, अंग तापलं की कमी वाटतं आणि एका बोटाने दाखवता येईल अशा जागी टोचतं. साध्या एक्स-रेमध्ये ती पुष्कळदा दिसतही नाही, एमआरआय लागतो. चीर निघालीच तर बहुधा सहा ते आठ आठवडे त्या पायावर भार द्यायचा नसतो.

तुम्हाला तेच झालंय असं मी म्हणत नाही. पत्रावरून निदान करणाऱ्यांचा मला राग येतो. बुटाच्या नाड्या घट्ट बांधल्या की त्यांखालची शीर चिडते आणि साधारण तिथेच दुखतं, तेवढंही असू शकेल. पण २०२३ साली एका वैद्यकीय लेखात कार्बन प्लेटचे बूट वापरणाऱ्या पाच धावपटूंच्या नोंदी आल्या होत्या, आणि पाचही जणांना याच हाडाची ताणाची दुखापत होती. पाच माणसांवरून काही सिद्ध होत नाही. डोळे उघडे ठेवायला मात्र तेवढं पुरे. तेव्हा आजपासून धावणं बंद. हाडांच्या किंवा क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांकडे जा, बोटाने ती जागा दाखवा आणि महिनाभर कोणते बूट घातले ते आपणहून सांगा, कारण ते विचारतीलच असं नाही.

आता बुटांकडे येऊ.

तुमच्या पत्रात ‘कडक’ आणि ‘मऊ’ हे शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी आले आहेत आणि गटातली निम्मी भांडणं याच घोटाळ्यातून होत असणार. बूट अंगठ्याने दाबला तर किती दबतो ही एक गोष्ट. तोच बूट दोन्ही हातांत धरून वाकवला तर किती वाकतो ही दुसरी. पहिलीला मी मऊ-कडक म्हणेन, दुसरीला लवचीक-ताठ. तुमचे नवे बूट दाबायला जुन्यांपेक्षाही मऊ असतील, बघा दाबून. वाकवायला मात्र ते फळीसारखे ताठ आहेत. कडक बूट आणि ताठ बूट हे एक नव्हेत. तुमच्या गटातल्या मित्राला म्हणायचंय ताठ, म्हणतो कडक.

ताठ सोलचा खटाटोप कुणी आणि का सुरू केला, हे समजायला पायाची बोटं जिथे चवड्याला जोडलेली असतात ते सांधे बघावे लागतात. धावताना टाच उचलली जाते, शरीर पुढे झुकतं आणि ते सांधे साधारण ३० अंशांत वाकतात. वाकताना ते शक्ती शोषून घेतात. गुडघा किंवा घोटा वाकतो तेव्हा तो नंतर सरळही होतो आणि शोषलेल्यातलं बरंचसं परत देतो. बोटांचे सांधे तसं करत नाहीत. ते वाकलेले असतानाच पाय जमीन सोडतो, आणि सरळ होतात ते हवेत, जिथे त्या शक्तीचा काही उपयोग नसतो. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात डॅरेन स्टेफॅनिशिन आणि बेन्नो निग यांनी १९९७ साली ही गळती मोजली. धावताना दर पावलाला सुमारे २१ ज्यूल, आणि जोरात स्प्रिंट करताना सुमारे ४८.

मग साहजिकच विचार आला की सांधा वाकूच दिला नाही तर? सोलमध्ये कार्बनची पट्टी घातली, सोल ताठ केला, आणि गळती खरोखरच कमी झाली. उड्या मारणाऱ्यांच्या उडीची उंची थोडी वाढली. २००६ साली त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या एका प्रयोगात धावतानाचा प्राणवायूचा खर्च सुमारे १ टक्का उतरलेला दिसला. या खर्चालाच रनिंग इकॉनॉमी म्हणतात. गाडी एका लिटरमध्ये किती पळते तसंच हे, माणूस ठरावीक वेगाला किती इंधन खातो. पण त्याच प्रयोगातली एक गोष्ट गटात कुणी सांगत नाही. हा फायदा मधल्या ताठपणाच्या सोलमध्ये मिळाला होता. सर्वांत ताठ सोलमध्ये तो दिसला नाही. दक्षिण कोरियातल्या ओह आणि पार्क यांनी २०१७ साली त्याचं कारण जवळपास बोट ठेवून दाखवलं. चवड्याच्या नैसर्गिक वाकण्याला सोल आडवा येत नाही तोवर ताठपणा उपयोगी पडतो, आडवा यायला लागला की फायदा ओसरतो. ‘जितका ताठ तितका वेग’ हे सूत्र म्हणजे औषध दुप्पट घेतलं की ताप दुप्पट वेगाने उतरेल असं मानण्यासारखं आहे.

तुमच्या पोटऱ्यांचं उत्तर इथेच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

चवड्यावर उभं राहून टाच उचलता तेव्हा पाऊल तरफेसारखं वागतं. जमीन जिथून पायाला वर ढकलते ती जागा एका टोकाला, घोटा मध्ये, आणि टाचेला मागून ओढणारी पोटरी दुसऱ्या टोकाला. लवचीक बुटात बोटं वाकतात, त्यामुळे जमिनीचा जोर चवड्याखालीच राहतो. ताठ बुटात बोटं वाकत नाहीत. सगळा सोल एकसंध फळीसारखा पुढे कलतो आणि तो जोर पुढे सरकतो, थेट बोटांच्या टोकांकडे. घोट्यापासूनचं अंतर वाढलं. आता तेवढीच टाच उचलायला पोटरीला जास्त ओढावं लागतं. दाराला बिजागरीजवळ ढकलून बघा आणि कडेला ढकलून बघा, म्हणजे अंतराचा हा खेळ हाताला कळेल. पोटरीच्या वाट्याला यात बिजागरीकडची बाजू येते.

म्हणजे बोटांच्या सांध्यांचं काम नाहीसं झालं नाही, ते वर सरकून घोट्याकडे आणि पोटरीकडे गेलं. यात पोटरीचा तोटाच असतो असंही नाही. लांब तरफेमुळे पोटरीच्या स्नायूला आखडायची घाई राहत नाही, आणि स्नायू सावकाश आखडताना जास्त जोर देऊ शकतो, तोही स्वस्तात. सायकलचा जड गिअर टाकल्यासारखं होतं. पॅडल हळू फिरतं, पण दर फेरीला सायकल लांब जाते. मांड्यांत दम असेल तर जड गिअर वरदान, नसेल तर चढावर उतरून ढकलत जायची वेळ येते.

जर्मनीतल्या श्टेफेन विलवाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धावपटूंना असे ताठ सोल देऊन पाहिलं, तेव्हा त्यांचे दोन गट पडलेले दिसले. काही जण वाढलेला भार सरळ अंगावर घेतात आणि घोट्यातून जास्त जोर लावतात. बाकीचे जोर तेवढाच ठेवतात आणि पाय जमिनीवर थोडा जास्त वेळ टेकवून ढकलतात. म्हणजे बूट एकच असला तरी त्याला शरीराने दिलेलं उत्तर वेगळं. सकाळच्या पोटऱ्यांवरून मला वाटतं तुम्ही पहिल्या जातीच्या आहात, निदान सध्या तरी. महिनाभर रोज जड गिअरवर सायकल हाणली, मधे एकही हलका दिवस नाही.

हे मी वरच्या पायरीवर उभा राहून सांगतोय असं समजू नका. तरुणपणी एकदा २०० मीटरच्या शर्यतीआधी मित्राचे स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, मागून घातले होते. सोल इतका ताठ की चालताना टपटप आवाज यायचा. शर्यत छान झाली. पुढचे तीन दिवस मी जिना बाजूचा कठडा धरून, उलटा, एकेक पायरी उतरत होतो. स्प्रिंटच्या बुटांत ताठपणाने सरासरी फायदा होतो हे २००४ च्या एका अभ्यासात दिसलंय, त्यात ३४ धावपटू होते. पण प्रत्येकाला मानवलेला ताठपणा वेगवेगळा निघाला. मित्राचा मला मानवणार नव्हता आणि ते कळायला मला जिना लागला.

आता तुमच्या नव्या बुटांची जी कीर्ती आहे तिच्याकडे बघू. २०१७ साली नाइकीच्या व्हेपरफ्लाय या बुटाने खळबळ उडवली. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात वाउटर होगकामर आणि रॉजर क्रॅम यांच्या गटाने १८ धावपटूंवर त्याच्या नमुन्याची चाचणी घेतली होती. तेव्हाच्या उत्तम स्पर्धा-बुटांपेक्षा शक्तीचा खर्च सरासरी ४ टक्क्यांनी कमी आला, आणि तो आकडा बुटाच्या नावातच घालून बूट विकला गेला. अभ्यासाला पैसा कंपनीचाच होता, म्हणून अनेकांनी नाक मुरडलं. पण नंतर इतर प्रयोगशाळांतही साधारण ३ ते ४ टक्के फायदा दिसला, तेव्हा आकडा हवेतला नव्हता. फक्त त्या १८ जणांत जाण्याची अट लक्षात घ्या. १० किलोमीटर ३१ मिनिटांच्या आत धावता यायला हवे होते. आणि चाचणीचे वेग होते ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटर.

त्या ४ टक्क्यांचं श्रेय सगळ्या जगाने कार्बनच्या प्लेटला दिलं. प्लेट दिसायला भारी, नाव भारी, आणि ‘स्प्रिंग’ म्हणून सांगायला सोपी. खरा चमत्कार बहुतांशी सोलच्या फोममध्ये आहे. त्या बुटाचा फोम दाबून सोडला की दाबलेल्या शक्तीतली ८७ टक्के परत देतो. तुलनेला घेतलेल्या दोन बुटांत हे प्रमाण सुमारे ७६ आणि ६६ टक्के होतं. शिवाय हा फोम वजनाने इतका हलका की तो जाड थरात वापरला तरी बूट जड होत नाही. वजनाचा हिशेब तर जुनाच आहे, दर बुटामागे १०० ग्रॅम वाढले की धावण्याचा खर्च साधारण १ टक्क्याने वाढतो.

श्रेय कुणाचं याचा निकाल लावायला होगकामर आणि लॉरा हीली यांनी जे केलं ते मला फार आवडतं, कारण ते एखाद्या खोडकर मुलाने करावं तसं आहे. त्यांनी तोच महागडा बूट घेतला आणि चवड्याच्या भागात प्लेटला आडवे सहा काप दिले. प्लेट निकामी, बूट लवचीक, फोम तोच, आकार तोच. मग धावपटूंना ताशी १४ किलोमीटर वेगाने अखंड बूट आणि कापलेला बूट असे दोन्ही घालून पळवलं. खर्चातला फरक निघाला सरासरी अर्धा टक्का, तोही इतका डळमळीत की फरक आहे असं म्हणता येईना. ज्या ताठपणासाठी तुमचा मित्र जीव टाकतो, तो त्या बुटातून काढून घेतला तरी बुटाचं फारसं काही बिघडलं नाही.

मग कंपन्या प्लेट घालतात कशाला? माझं मत असं की तो जाड, लुसलुशीत फोम एकटा सोडला तर पाय त्यात डगमगेल. प्लेट त्याला आकार देते, भार पसरवते, आणि चमच्यासारखी वळवली की पाऊल पुढे गडगडवते. हा वळलेला आकार महत्त्वाचा आहे. सपाट प्लेटपेक्षा वळलेल्या प्लेटने बोटांची गळती कमी होते आणि घोट्यावरचा भारही तितका वाढत नाही, असं २०१९ सालच्या एका अभ्यासात दिसलं. स्पर्धांचे नियम करणाऱ्या वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सनेही २०२० मध्ये दोन्हींवर लगाम घातला. रस्त्यावरच्या शर्यतीत सोल जास्तीत जास्त ४० मिलिमीटर जाड, आणि ताठ प्लेट एकच.

इनसोलचा सल्ला देणाऱ्याला तुम्ही आता स्वतःच उत्तर देऊ शकाल. जुन्या बुटात जुनाच फोम आणि वर सपाट कार्बनची पट्टी, म्हणजे या सगळ्या खेळातला सर्वांत कमी उपयोगाचा भाग तेवढा विकत घ्यायचा. हा प्रयोगही झालाय. २०२० साली ओवेन बेक आणि सहकाऱ्यांनी १५ जणांच्या साध्या बुटांत वेगवेगळ्या जाडीचे कार्बन इनसोल घातले, बूट कितीतरी पट ताठ झाले, आणि धावण्याचा खर्च होता तिथेच राहिला. या इनसोलची खरी जागा दुसरी आहे. ज्यांच्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजून आखडलाय, वाकवला की कळ येते, त्यांना डॉक्टर तो देतात आणि त्यांचं चालणं सुसह्य होतं. औषध आहे ते. वेग वाढवायला घ्यायचं टॉनिक नाही.

तुमचा वेग ताशी साधारण १० किलोमीटर आहे आणि घड्याळात फरक का दिसत नाही हे तुम्ही थेट विचारलं नसलं तरी पत्रात ते जाणवतंय. याचीही चाचणी झाली आहे. डस्टिन जूबर्ट यांच्या गटाने हेच बूट हळू वेगात तपासले, तेव्हा ताशी १२ किलोमीटरला सरासरी १.४ टक्के आणि ताशी १० किलोमीटरला ०.९ टक्के बचत निघाली. ५८ मिनिटांच्या धावण्यात ०.९ टक्के म्हणजे सगळं जुळून आलं तर अर्धं मिनिट. रात्री झोप नीट झाली नाही तरी याहून जास्त जातं. आणि ही सरासरी झाली. २०२३ च्या एका अभ्यासात केनियाचे जागतिक दर्जाचे धावपटू आणि युरोपातले हौशी धावपटू यांना असे बूट देऊन पाहिले. साध्या सपाट बुटाच्या तुलनेत एखाद्या केनियन धावपटूला ११ टक्क्यांहून अधिक फायदा, तर दुसऱ्या कुणाला जवळपास तेवढाच तोटा. म्हणून गटातल्या चार जणांचा वेग वाढला याचा तुमच्या पायांशी काहीएक संबंध नाही.

आता दीर. ते म्हणतात ते अर्धं बरोबर आहे आणि उरलेलं अर्धं धोक्याचं आहे.

बरोबर काय, तर बोटं वर वाकली की तळव्याखालचा जाड पडदा ताणला जातो, रहाटाला दोर गुंडाळावा तसा तो चवड्याभोवती ओढला जातो आणि पायाची कमान उंच व घट्ट होते. ही निसर्गाची सोय आहे. हिक्स नावाच्या ब्रिटिश शल्यविशारदाने १९५४ साली तिचं वर्णन केलं. ताठ सोलमध्ये बोटं वाकायचीच कमी होतात, तेव्हा ही सोयही कमी वापरात येते. पातळ, लवचीक बुटांत नुसतं चाललं तरी पावलाचे छोटे स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, हेही तपासून झालेलं आहे.

धोक्याचं काय? तुमच्या दिरांचं ऐकून उद्यापासून तुम्ही पातळ चटईचे बूट घालून धावायला लागलात तर तीच चूक दुसऱ्या दिशेने होईल. अनवाणी पद्धतीच्या बुटांची लाट आली होती तेव्हा, २०१३ साली, सारा रिज यांच्या गटाने १९ धावपटूंना दहा आठवड्यांत हळूहळू त्या बुटांवर आणलं. शेवटी एमआरआय काढले तर त्यांतल्या १० जणांच्या पावलांच्या हाडांत ताणाची सूज वाढलेली होती. तिथे बूट अगदी लवचीक होता, तुमचा अगदी ताठ आहे, आणि सोसावं लागलं दोन्हीकडे पायाच्या हाडांनाच. सवयीच्या भाराची जागा बदलली की नव्या जागेला बळ यायला महिने लागतात. स्नायू काही आठवड्यांत जुळवून घेतात, हाड आणि टाचेमागची जाड शीर मागे रेंगाळतात.

दुकानात बूट हातात वाकवून पाहायची सवय मात्र सोडून द्या, किंवा निदान तिच्यावर निकाल देऊ नका. ताठपणा कार्बननेच येतो असं नाही. एकाच मालाच्या पट्टीची जाडी दुप्पट केली तर ती वाकवायला आठपट जड जाते, म्हणून हल्लीचे जाड सोल प्लेटशिवायही बऱ्यापैकी ताठ असतात. थंडीत फोम आखडतो, वापराने सैल पडतो, तोही फरक आहेच. हाताने बघायचंच असेल तर बूट कुठे वाकतो तेवढं बघा. चवड्यापाशी वाकला तर ठीक. मधोमध, कमानीखाली घडी पडत असेल तर तो बूट मी ठेवून देईन. तुमचे चटईसारखे गुंडाळले जाणारे बूट मधे घडी पडणारे आहेत का, ते मला कळवा. असतील तर रोजच्या धावण्याला त्यांच्याऐवजी मधल्या ताठपणाचे, साधे, प्लेट नसलेले बूट बघा. दोन टोकांच्या मधे बरीच मोठी जागा आहे आणि तुमच्या वेगाच्या बहुतेक धावपटूंचं भलं तिथेच होतं.

नवे बूट फेकू नका. डॉक्टरांनी हाडाला निर्दोष ठरवलं तरच, आणि पोटऱ्या सकाळी मऊ असायला लागल्यावर, आठवड्यातून एकदा घाला, तेही वेगाच्या छोट्या धावण्याला. रोजच्या निवांत किलोमीटरांना नाही. मधल्या काळात पायरीच्या कडेवर एका पायाने उभं राहून टाच वरखाली करायचा व्यायाम सुरू करा. एका दमात सलग २५ वेळा, दोन्ही पायांनी, टाच पूर्ण उचलून. तेवढं जमत नसेल तर तुमच्या पोटऱ्या जड गिअरच्या सायकलसाठी अजून तयार झालेल्या नाहीत. अर्थात हा व्यायामही ती दुखरी जागा तपासून झाल्यावरच.

बूट तुम्हाला फायद्याचे आहेत का हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही, थोडा चिवटपणा लागतो. एकच सपाट रस्ता, एकाच सकाळी, हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा छातीला. दहा मिनिटं नवे बूट, दहा जुने, परत दहा जुने, दहा नवे. ठोके चारही वेळा सारखे ठेवायचे आणि प्रत्येक वेळी किती अंतर कापलं ते लिहायचं. उलटसुलट क्रम अशासाठी की शेवटी आलेला थकवा एकाच बुटाच्या नावावर चढू नये. असं दोन-तीन वेगवेगळ्या सकाळी करा. नव्या बुटांनी दर वेळी अंतर वाढवलं तर स्पर्धेच्या दिवशी खुशाल घाला. कधी वाढवलं, कधी घटवलं, तर ते बूट गटातल्या कुणाच्या मापाचे आहेत का बघा.

दहा आठवड्यांनंतरच्या स्पर्धेचं मी मुद्दाम काही बोललेलो नाही. हाडाला खरंच काही झालं असेल तर ती स्पर्धा गेली, आणि ते आत्ताच मनाशी धरून ठेवलेलं बरं. नसेल, तर दहा आठवडे पुरेसे आहेत आणि तुमच्या जुन्या वेळेच्या आसपास येणं अवघड नाही. तपासणी या आठवड्यात करून घ्या, पुढच्या नको. काय निघालं ते दोन ओळींत कळवा, ते हातात आल्यावर मी तुम्हाला आठवड्यागणिक वेळापत्रक लिहून पाठवतो.